त्याच हिवाळ्यात : सॉमरसेट काउंटीतल्या तीन फलकांच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

मराठी शाळा सुटल्यावर मंडळाची बैठक झाली. येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पूर्ण होतील. न्यू जर्सीत 'रेव्होल्यूशन एनजे' या नावाखाली राज्यभर तयारी चालू आहे, तर आपणही काहीतरी करावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ढोल-ताशा आणि पुरणपोळीचा स्टॉल लगेच ठरले. मी म्हटलं, मला आपल्या काउंटीच्या इतिहासाचे मराठी फलक करायचे आहेत. तीनच, पण नीट. मंडळाने होकार दिला.

हे डोक्यात आलं ते आईंमुळे (सासूबाई, तळेगाव दाभाड्याहून आल्या आहेत). दर ऑक्टोबरात काउंटीतली जुनी घरं, गिरण्या आणि चर्चेस दोन दिवस लोकांसाठी उघडी ठेवतात, 'वीकएंड जर्नी थ्रू द पास्ट' म्हणतात त्याला. गेल्या आठवड्यात त्यांना घेऊन सॉमरव्हिलला गेले होते. वॉलेस हाउससमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "अगं, इथे नक्की झालं काय होतं?" मी सांगितलं: १७७८च्या डिसेंबरपासून १७७९च्या जूनपर्यंत जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम याच घरात होता. आजूबाजूला मिडलब्रूकच्या टेकड्यांखाली आठ-दहा हजार सैनिक लाकडी झोपड्या बांधून हिवाळा काढत होते. आईंनी मान हलवली, मग म्हणाल्या, "हे कुठे वाचायला मिळेल का मराठीत?" माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

या काउंटीत साडेतीन लाखांच्या आसपास माणसं राहतात. त्यातली कितीतरी आपली. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात दर आठवड्याला जाणाऱ्या आजी-आजोबांना ठाऊक नसतं की त्याच गावच्या हद्दीत एका क्रांतीची फौज पोसली गेली.

८ नोव्हेंबर

ठिकाणांची यादी केली. वॉलेस हाउस. शेजारचं ओल्ड डच पार्सनेज, १७५१चं, म्हणजे डच धर्मोपदेशकाचं घर. इथले जेकब हार्डनबर्ग क्वीन्स कॉलेजचे पहिले अध्यक्ष, तेच आजचं रटगर्स विद्यापीठ. साउथ बाउंड ब्रूकचं स्टाट्स हाउस, जिथे वॉशिंग्टनच्या फौजेला कवायत शिकवणारे फॉन स्टॉयबेन राहत होते. बेडमिन्स्टरचं व्हॅन्डरव्हीर हाउस, तोफखान्याचे प्रमुख हेन्री नॉक्स यांचं. रॅरिटन नदीकाठचं व्हॅन व्हेक्टन हाउस, वॉशिंग्टनचे सेनानी नॅथॅनेल ग्रीन यांचं. रॉकी हिलजवळचं रॉकिंगहॅम, जिथे वॉशिंग्टनने १७८३च्या शरदात आपल्या फौजांना निरोपाचा आदेश लिहिला.

सगळं तीन फलकांत मावणार नाही. निवडावं लागेल, आणि निवडताना जीव तुटतो आहे.

आईंना सर्वांत जास्त नवल वाटलं ते घरं सरकवण्याचं. रेल्वेमार्गामुळे पार्सनेज १९१३मध्ये उचलून हलवलं, रॉकिंगहॅम तर दगडाच्या खाणीमुळे एकदा सोडून तीनदा हललं. "आपल्याकडे वाडा पडतो, पण जागा सोडत नाही," त्या म्हणाल्या.

१३ डिसेंबर

पहिल्या फलकाचा मजकूर लिहायला घेतला. विषय मिलस्टोनची चकमक, २० जानेवारी १७७७. ब्रिटिश तुकडी व्हॅन नेस्टच्या गिरणीपाशी दाणावैरण लुटायला आली होती. अमेरिकन सेनानी फिलेमन डिकिन्सनने सुमारे चारशे माणसं घेऊन गोठणाऱ्या नदीत कमरेएवढ्या पाण्यातून उतरून त्यांना बाजूने गाठलं. चाळीसच्या वर गाड्या आणि शंभराच्या आसपास घोडे हाती लागले. माणसं बहुतेक स्थानिक शेतकरी-मिलिशिया. 'मिलिशिया'ला मराठीत काय म्हणायचं यावर दोन संध्याकाळी गेल्या. 'नागरी सेना' फार सरकारी वाटतं. शेवटी 'गावोगावची शिबंदी' लिहिलं. शिबंदी हा शब्द आपल्या दफ्तरातला आहे आणि अर्थ नेमका बसतो. पुढच्या वाक्यात 'गनिमी कावा' आपोआप आला. तो ठेवला.

१६ जानेवारी २०२६, शुक्रवार

आज वडगावच्या तहाचा दिवस. सकाळी चहा घेताना आईंना सहज म्हटलं, वॉशिंग्टनची फौज इथे होती तो १७७९चा जानेवारी. त्यांनी कप खाली ठेवला. "तेव्हा तर आमच्याकडे इष्टुर फाकडा!"

हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

नोव्हेंबर १७७८मध्ये मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांना पेशवाई मिळवून द्यायला निघाली. बोरघाट चढून वर आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला 'फाकडा' म्हटलं आणि वडगावात त्याची समाधी आजही आहे. इंग्रज ९ तारखेला तळेगावला पोचले तर गाव ओस, दाणा-वैरण जाळून टाकलेली. ११च्या रात्री माघार घेतली ती वडगावातच कोंडली गेली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके. १६ जानेवारीला तह झाला. आईंचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी समाधीवरून शाळेत जायच्या.

त्याच आठवड्यात इथे, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, त्याच राजाविरुद्ध लढणारी दुसरी फौज झोपड्यांत शेकोटीभोवती बसली होती. दुसरा फलक सापडला. नाव 'त्याच हिवाळ्यात'.

रात्री मसुदा लिहिताना पहिल्याच ओळीत चूक केली: 'वॉशिंग्टन सॉमरसेटमध्ये असताना वडगावला…' हे बरोबर नाही. वॉशिंग्टन २२ डिसेंबरला फिलाडेल्फियाला गेला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परतला. वडगावच्या दिवसांत तो इथे नव्हता, फौज होती. वाक्य बदललं.

३१ जानेवारी

मजकूर गटावर पाठवला. सगळे खूश. समितीतल्या एका दादांनी त्यात भर घालून परत पाठवला: 'मराठ्यांनी इंग्रजांना गुंतवून ठेवल्यामुळे अमेरिका स्वतंत्र झाली.' ते मनापासून लिहितात, इतिहासावर त्यांचं प्रेम आहे. पण हे वाक्य फलकावर जाऊ शकत नाही. मी फोन केला. ते म्हणाले, "ताई, एवढं तरी आपल्या माणसांचं नाव येऊ दे." मी म्हटलं, नाव येईलच, पण जे घडलं तेवढ्याच जोरावर येऊ दे. बोलणं अर्धवट राहिलं.

१० फेब्रुवारी

दादांना उत्तर द्यायचं म्हणून वाचत बसले आणि उलटंच हाती लागलं.

सॅराटोगाला, ऑक्टोबर १७७७मध्ये, बर्गॉइनची अख्खी ब्रिटिश फौज अमेरिकनांना शरण गेली. ती बातमी कलकत्त्याला पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. तेव्हा तिथला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने मराठ्यांवर पाठवायची फौज काल्पीहून आधीच रवाना केली होती, आणि ती परत बोलवावी असं त्याच्या मंडळातले काहीजण म्हणत होते. हेस्टिंग्जने नकार दिला. त्याने लिहिलं त्याचा आशय असा: पश्चिमेत ब्रिटिशांना एवढा जबर धक्का बसला असेल, तर राष्ट्राचं ते नुकसान पूर्वेत भरून काढण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच येते.

म्हणजे धागा खरोखर आहे, पण तो आपण समजत होतो त्याच्या उलट्या दिशेने जातो. अमेरिकनांच्या विजयामुळे पुण्यावरचा दाब हलका झाला नाही, तो वाढला. इथे गमावलेलं तिथे वसूल करायचं होतं.

फ्रान्सचंही तसंच. १७७७मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात येऊन राहिला, नाना फडणिसांनी त्याचा मान राखला आणि मुंबईकरांची झोप उडाली. पुढच्या वर्षी, ६ फेब्रुवारी १७७८ला, फ्रान्सने अमेरिकेशी करार केला. फ्रेंचांची भीती इंग्रजांना दोन्हीकडे एकाच वेळी होती.

दादांना हे सगळं पाठवलं. रात्री अकराला त्यांचा निरोप आला: "हे माझ्या वाक्यापेक्षा भारी आहे. माझं काढा." फार बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

आज प्लकेमिनला गेले. बर्फ अर्धवट वितळलेलं, वर काही दिसत नाही, पण इथेच नॉक्सने १७७८-७९च्या हिवाळ्यात तोफखान्याची छावणी आणि शिकवणीची जागा उभारली होती. १८ फेब्रुवारी १७७९ला फ्रेंच कराराचा पहिला वाढदिवस इथे साजरा झाला. तेरा कमानींचं, दिव्यांनी उजळलेलं देवळासारखं लाकडी बांधकाम, आतषबाजी, मग नाच. तेरा कमानी म्हणजे तेरा राज्यं. देश अजून युद्धात होता, सैनिकांना पगार वेळेवर मिळत नव्हता, तरी वर्धापनदिन साजरा झाला. काउंटीच्या उत्सवांची परंपरा कुठून सुरू झाली असं कुणी विचारलं तर मी इथे बोट ठेवीन.

पुढच्या महिन्यात ग्रीनच्या घरी वॉशिंग्टन आणि ग्रीनची बायको कॅथरिन तीन तासांहून अधिक वेळ न बसता नाचले, असं ग्रीनने पत्रात लिहिलंय. हे मुलांच्या चौकटीत घालायचं. आठवीतल्या लेकीला ही ओळ भलतीच आवडली.

१ मार्च, रविवार

आज पुरंदरच्या तहाला बरोब्बर २५० वर्षं. इंग्रजांचा वकील कर्नल अप्टन कलकत्त्याहून आला होता, समोर सखारामबापू आणि नाना. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांना सोडून द्यायचं ठरलं. १ मार्च १७७६. चार महिन्यांनी फिलाडेल्फियात जाहीरनामा.

मराठी शाळेत आज यावरच तास घेतला. फळ्याच्या एका बाजूला '१७७६, फिलाडेल्फिया', दुसऱ्या बाजूला '१७७६, पुणे'. मुलांना विचारलं, तेव्हा पेशवा किती वर्षांचा होता? कुणी तीस म्हणालं, कुणी पन्नास. सवाई माधवराव दोन वर्षांचे होते. आणि त्या वर्षी पुण्याला घोर लागला होता तो भाऊच्या तोतयाचा, पानिपतात गेलेले सदाशिवरावभाऊ मीच म्हणणाऱ्या माणसाचा. मुलांना तोतया इतका आवडला की फिलाडेल्फिया मागेच पडलं. एक मुलगी मात्र घरी जाताना म्हणाली, "मावशी, म्हणजे आपण दोन्हीकडे होतो." मी तिला दुरुस्त केलं नाही. तिचे आजोबा तिकडचे, तिचं गाव इकडचं. ती खरंच दोन्हीकडची आहे.

१९ मार्च

गुढीपाडवा. काम बंद.

१२ एप्रिल

बाउंड ब्रूकला लढाईचा देखावा पाहायला आम्ही सगळेच गेलो. बंदुकांचा आवाज ऐकून आईंनी कान झाकले, पण जागा सोडली नाही. १३ एप्रिल १७७७ला पहाटे चार हजारांच्या आसपास ब्रिटिश आणि हेसियन (त्यांचे भाडोत्री जर्मन) सैनिक पाचशे अमेरिकनांच्या ठाण्यावर चालून आले. ठाण्याचा प्रमुख बेंजामिन लिंकन कसाबसा निसटला, तोफा गेल्या. ब्रिटिश तुकड्यांचा सेनापती होता कॉर्नवॉलिस.

हाच कॉर्नवॉलिस पुढे यॉर्कटाउनला वॉशिंग्टनला शरण जातो, १७८६ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला येतो, १७९२ला श्रीरंगपट्टणला टिपूला वेढतो. आणि तेव्हा त्याच्या बाजूला कोण? हरिपंत फडके. तेरा वर्षांपूर्वी वडगावात इंग्रजांना कोंडणारे तेच हरिपंत. कॉर्नवॉलिस १८०५ला गाझीपूरला मेला, कबर तिथेच आहे.

हे फलकावर घालावं की नाही यावर मी बराच विचार केला. आपल्याला गौरवाची गोष्ट सांगायची असते तेव्हा श्रीरंगपट्टण गैरसोयीचं असतं. घालणार. एकच माणूस या काउंटीच्या नदीकाठी आणि कावेरीकाठी दिसतो, आणि आपली माणसं एकदा त्याच्या देशाविरुद्ध आणि एकदा त्याच्या सोबत दिसतात. वाचणाऱ्याला ते कळू दे.

हैदर अलीबद्दलही एक ओळ मिळाली: १७८२मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव 'हैदर अली' होतं, आणि त्या जहाजाने एप्रिलमध्ये ब्रिटिशांचं 'जनरल मंक' पकडलं. म्हणजे इथल्या लोकांना तिकडच्या लढाईची खबर होती आणि आपुलकीही. जागा असेल तर घालू.

३ मे

तिसरा फलक. इथे थांबावं लागलं.

वॉलेस कुटुंबाच्या घरात गुलाम म्हणून ठेवलेली माणसं होती. छावणीला धान्य पुरवणाऱ्या कितीतरी डच शेतांवरही होती. एका काकांचं म्हणणं, उत्सवाच्या फलकावर हे कशाला, पाहुणे आहोत आपण. मला ते पटत नाही. मी इथे तेवीस वर्षं राहते, कर भरते, मुलगी इथे जन्मली. मी पाहुणी नाही. आणि पाहुणी असते तरी घरातल्या सगळ्यांची नावं विचारली असती.

म्हणून तिसरा फलक सॉरलँडच्या डोंगराचा. विल्यम स्टाइव्हज, क्रांतियुद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक, पुढे या डोंगरात वसला. स्किलमनला १८९९च्या छोट्या आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये आज स्टाउट्सबर्ग सॉरलँड आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय आहे. त्याखाली राज्याचा १८०४चा कायदा: ४ जुलै १८०४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलीला २१ आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत मालकाकडे राबायचं. तारीख मुद्दाम ४ जुलै ठेवली होती. ज्या आया त्या दिवसाआधी जन्मल्या त्यांना काहीच नाही. न्यू जर्सीत गुलामी पुरती संपली ती १८६६च्या सुमाराला, तेराव्या घटनादुरुस्तीने.

'गुलाम' लिहायचं की 'गुलामीत ठेवलेली माणसं', यावर काकांनीच शेवटी दुसरा पर्याय निवडला. म्हणाले, लांब आहे पण खरं आहे.

२४ मे

जाहीरनाम्याच्या दुसऱ्या परिच्छेदाचं मराठी. ४ जुलैला मिडलब्रूकच्या छावणीच्या जागी दर वर्षी जाहीरनामा मोठ्याने वाचतात, शंभराहून अधिक वर्षांचा शिरस्ता आहे. तिथे जाणाऱ्या आपल्या लोकांच्या हातात मराठी पत्रक असावं.

'स्वयंसिद्ध' सोपं होतं. 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' इथे 'माणसं' लिहिलं, 'पुरुष' नाही, पण १७७६मध्ये त्याचा अर्थ किती अरुंद होता ते खाली एका ओळीत दिलं. अडलं ते तिसऱ्या हक्कापाशी: जीवित, स्वातंत्र्य, आणि…? 'सुखाचा शोध' पुस्तकी, आणि सुख हरवलंय असा भास होतो. 'सुखप्राप्ती' चूक, कारण हक्क मिळवण्याच्या प्रयत्नाचा आहे, मिळण्याचा नाही. मी 'सुखासाठी प्रयत्न' लिहिलं होतं. आई भाजी निवडत ऐकत होत्या. "सुखासाठी धडपड म्हण. प्रयत्न अभ्यासाचे असतात."

'सुखासाठी धडपड' कायम.

१० जून

छपाईचं प्रूफ आलं आणि पोटात गोळा आला. सगळी जोडाक्षरं फुटलेली. 'स्वातंत्र्य'चे चार तुकडे, 'राष्ट्र'मधल्या 'ट्र'चा र भलतीकडे, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे. छापणाऱ्यांच्या यंत्रणेत फॉन्टच नव्हता. त्यांचा दोष म्हणावा असं नाही, त्यांनी देवनागरी कधी छापलीच नव्हती, पण मी दोन दिवस झोपले नाही. शेवटी लेकीने सगळा मजकूर फॉन्टऐवजी आकारांत रूपांतरित करून नवी फाइल पाठवली. पुढच्या वेळी करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते: देवनागरी फलक बाहेर छापायला देताना अक्षरं आधी आकारांत बदला, आणि 'स्वातंत्र्य', 'राष्ट्र', 'क्रांती', 'रॅरिटन' हे चार शब्द डोळ्यांनी तपासा.

२० जून

फलक गावच्या वाचनालयात लागले. मराठी वर, इंग्रजी खाली. ग्रंथपालबाईंनी वडगावचा फलक पूर्ण वाचला आणि विचारलं, हा तुमचा फाकडा, शत्रूचा सैनिक ना? मग समाधी कशी? मी म्हटलं, शूर होता. त्या एवढंच म्हणाल्या की बाउंड ब्रूकच्या शाळांना हा फलक दाखवायला हवा.

ढोल-ताशाला आवाजाच्या मर्यादेसह परवानगी मिळाली. वीस मिनिटं.

४ जुलै २०२६, शनिवार

मिडलब्रूक. उन्हाचा चटका. तेरा ताऱ्यांचा ध्वज. जाहीरनामा वाचताना आमच्या बाकावर अकरा जणांच्या हातात मराठी पत्रक होतं. राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी सुरू झाली तशा आई बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचत होत्या. पत्रकात मी तक्रारींचा सारांशच दिला होता. त्यांना ते आवडलं नाही. "सगळ्या दे ना. एवढं सोसलं तर एवढं लिहू दे त्यांना."

दुपारी ढोल. वीसची पंचवीस मिनिटं झाली, कुणी थांबवलं नाही.

५ जुलै

फलक वाचनालयात महिनाअखेरपर्यंत राहतील, मग आमच्या तळघरात. दुसऱ्याचा खालचा कोपरा मुलांच्या हातांनी दुमडलाय.

पुढची कामं: तक्रारींचं पूर्ण भाषांतर, आईंच्या देखरेखीखाली. सप्टेंबरात त्या परत जातील, तेव्हा वडगावच्या समाधीचा नीट फोटो काढून पाठवणार आहेत. आताचा फलकावरचा अंधुक आहे. वडगावची आणि मिडलब्रूकच्या छावणीची २५० वर्षं एकाच हिवाळ्यात येतात, २०२८-२९च्या. दादांनी आजच विचारलं, तारीख धरून ठेवू का. धरून ठेवा म्हटलं: १६ जानेवारी २०२९.